दुपारी चढणारा २८

मे महिन्यात नागपुरात एखादं यंत्र सकाळी शहाण्यासारखं आणि दुपारी वेड्यासारखं वागू लागलं, तर कुणाला नवल वाटत नाही. माणसंही तशीच वागतात. आमच्या जीसी-एमएसचं, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून त्यांना मास या वजनाच्या आकड्यावरून ओळखणाऱ्या यंत्राचं, दुखणं ओळखायला बारा दिवस लागले, त्यातले निदान चार या समजुतीनं खाल्ले.

हिंगणा एमआयडीसीतली आमची लॅब लहान आहे. एक सिंगल क्वाड्रुपोल जीसी-एमएस, एक जुना ईसीडीवाला जीसी आणि चार माणसं. उन्हाळा हा आपल्याकडे वर्षाचं तिखट करून ठेवण्याचा काळ, त्यामुळे आमच्याकडे तिखटाच्या नमुन्यांची रांग लागते. त्यात कीटकनाशकांचे अंश शोधायचे: क्लोरपायरिफॉस, इथिऑन, सायपरमेथ्रिन ही नेहमीची मंडळी. तिखटाचा अर्क म्हणजे जीसीला शिक्षाच. रंग, तेल, मेण सगळं सोबत येतं आणि आठवड्यात लायनर, म्हणजे अर्क टोचतो तिथली काचेची नळी, काळा पडतो. म्हणून या दिवसांत यंत्र कुरकुरलं की पहिला संशय तिखटावर जातो.

या वेळी कुरकुर अशी होती. इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मात्रेत, टाकलेल्या ट्रायफिनाइल फॉस्फेटचा पीक मार्चच्या तुलनेत निम्म्यावर आला होता. ओव्हन ३०० अंशांवर गेला की बेसलाइन चढायची, आणि त्या चढात मास २०७ ठळक, म्हणजे कॉलमचा ब्लीड: घटक वेगळे करणाऱ्या त्या लांब बारीक नळीचं आतलं अस्तर तापून सुटत होतं. यंत्र स्वतःला जुळवून घेतं त्या ऑटोट्यूननं सिग्नल मोठा करणाऱ्या इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरचं व्होल्टेज १५० नं वाढवून घेतलं होतं. लायनर बदलला, सुई टोचायची रबरी चकती म्हणजे सेप्टम बदलला, कॉलम इनलेटच्या बाजूनं अर्धा मीटर कापला. काडीचा फरक नाही.

लीकचा, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत असल्याचा, विचार लगेच सुचला नाही याला कारण आहे. आमची मेथड मास ५० पासून पुढे स्कॅन करते, बहुतेकांची अशीच असते. हवा त्याच्या खाली राहते: पाणी १८ वर, नायट्रोजन २८ वर, ऑक्सिजन ३२ वर, आर्गॉन ४० वर, कार्बन डायऑक्साइड ४४ वर. हे सगळं मुद्दाम पडद्याबाहेर ठेवलेलं असतं, कारण ते थोडंफार नेहमीच असतं आणि क्रोमॅटोग्राम उगाच घाण दिसतो. म्हणजे घरात पाणी शिरलं तरी खिडकीतून फक्त गच्ची दिसावी, तसं. व्हॅक्यूम गेज २.३ × १०⁻⁵ टॉर दाखवत होतं, मार्चमध्ये १.६ होतं. घातांक तोच आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी ट्यूनच्या पानावर हवा-पाण्याची तपासणी चालवली. यात सगळे आकडे पीएफटीबीए या ट्यूनिंग द्रवाच्या ६९ च्या पीकशी तोलून येतात. २८ दहा टक्क्यांच्या आत असावा, १८ वीसच्या आत, असा साधारण दंडक. आमचे आकडे: १८ सात टक्के, २८ एकेचाळीस टक्के, ३२ सहा टक्के.

पाणी कमी, नायट्रोजन भरमसाट. लीक.

इथे आमच्याकडे जे झालं ते बहुतेक लॅबमध्ये होतं. ज्याच्या हाताला जो पाना लागला तो घेऊन त्यानं जो नट दिसला तो आवळला. आमचा टेक्निशियन एमएसच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रूही पकडीनं कसायला निघाला होता. ते झाकण व्हॅक्यूमच धरून ठेवतो. स्क्रू हातानं लावायचे असतात, जास्त कसले तर झाकण तिरकं बसून ओ-रिंगमधूनच हवा शिरू शकते. "काऊन पिळून राहिला बे त्याले," म्हणून त्याला थांबवलं. तो म्हणाला, "सर, लीक आहे म्हणता अन् कसू देत नाही." त्याचं चुकलं असं नाही. लीक म्हटलं की हात आपोआप पान्याकडे जातो.

बाजूच्या गल्लीत टिग वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्यांच्याकडून आर्गॉनचा छोटा सिलेंडर मागून आणला, त्याला सिलिकॉनची नळी आणि टोकाला मायक्रोपिपेटची टिप लावली. पडद्यावर मास ४० लाइव्ह ठेवायचा आणि एकेका जोडावर सेकंद-दोन सेकंद आर्गॉन सोडायचा. साबणाचं पाणी इथे चालत नाही, व्हॅक्यूम ते आत ओढतो आणि मग आठवडाभर साबणच मोजत बसावं लागतं. आर्गॉन हवेपेक्षा जड, खाली घरंगळतो; म्हणून सुरुवात खालच्या जोडापासून करून वर जायचं. नाहीतर वर सोडलेला आर्गॉन खालच्या लीकमधून शिरतो आणि दोष वरच्या निरपराध नटाला लागतो. ओव्हनचा पंखाही बंद हवा.

कॉलम एमएसमध्ये शिरतो तिथल्या, ट्रान्सफर लाइनच्या नटाजवळ टिप नेली आणि ४० ताडकन वर गेला. हे अपेक्षितच होतं. कॉलम दहा दिवसांपूर्वी नवा बसवला होता, फेरूल, म्हणजे नटाखाली जोड घट्ट धरणारी कडी, व्हेस्पेल-ग्रॅफाइटचा. हा फेरूल पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत आक्रसतो आणि नट आपोआप ढिला पडतो. बसवल्यावर थोड्या रन्सनंतर ओव्हन थंड करून नट पुन्हा किंचित आवळायचा असतो. आमच्याकडे हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, केलेलं नव्हतं. पाव फेराही लागला नाही, ४० खाली बसला.

दुसऱ्या दिवशी ट्यून: २८ एकोणीस टक्के, ३२ फक्त ०.६ टक्के. पीक परतले, ब्लीड उतरला, मल्टिप्लायरचं व्होल्टेज शंभरानं कमी झालं.

क्वालिटी बघणाऱ्या मॅडमचं म्हणणं पडलं की आता पुरे. "रिपोर्ट अडकलेत, सेन्सिटिव्हिटी आली आहे, २८ चं काय घेऊन बसलात?" व्यवहारानं ते बरोबर होतं. रिपोर्ट सुरू केले. पण मला तो एकोणीस खटकत राहिला, आणि त्याहून जास्त त्याच्या शेजारचा ०.६.

हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१. एमएसवर हे गुणोत्तर चार-साडेचारच्या आसपास दिसतं. आमच्या पहिल्या ट्यूनला ४१ ला ६, म्हणजे जवळपास सात होतं. ते तेव्हाच दिसायला हवं होतं. आता वजाबाकी करून पाहिली: फेरूलचं लीक बंद झाल्यानं २८ बावीसनं उतरला, ३२ साधारण साडेपाचनं. बावीसला साडेपाच, बरोबर चारास एक. म्हणजे फेरूलमधून शुद्ध, अस्सल हवा येत होती आणि ती बंद झाली. मागे जे उरलं त्याचं गुणोत्तर तीसास एक. ही दुसरीच गोष्ट होती, आणि ती पहिल्या दिवसापासून त्या एकेचाळिसात दडून बसली होती.

ऑक्सिजनविना हवा कुठून येईल? दोनच शक्यता. एक, नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या, सिलेंडरमधल्या हेलियममध्येच नायट्रोजन आहे. दोन, हवाच शिरते आहे, पण वाटेत कुणीतरी तिचा ऑक्सिजन खातं. आमच्या गॅस लाइनवर सिलेंडर आणि जीसीच्या मध्ये ट्रॅप आहे, तो ऑक्सिजन, ओलावा आणि हायड्रोकार्बन धरतो. नायट्रोजन आणि आर्गॉन त्याच्यातून सरळ निघून जातात. म्हणून मास १० पासून स्कॅन लावून बघितलं. २८ च्या सोबत १४ होता, १२ जवळजवळ नाही. म्हणजे तो नायट्रोजनच, कार्बन मोनॉक्साइड नाही. आणि ४० होता. थोडासा, पण हवेच्या हिशेबाला लागतो त्याहून किंचित जास्तच.

गॅसवाल्याशी भांडायची तयारी झाली होती. ९९.९९९ टक्के हेलियमचे पैसे मोजतो आपण, तोही परदेशातून येणारा. मेलचा मसुदा तयार होता. तो पाठवण्याआधी दोन स्वस्त तपासण्या केल्या, आणि बरं झालं केल्या.

पहिली: कॉलमचा फ्लो मिनिटाला १ मिलीवरून २ केला. २८ ची कच्ची उंची जवळपास दुप्पट झाली. इथे टक्के बघायचे नाहीत, कारण फ्लो बदलला की ६९ पण हलतो. लीक एमएसच्या व्हॅक्यूमच्या बाजूला असतं, तर कॉलममधून किती गॅस येतो याचं त्याला सोयरसुतक नसतं. म्हणजे नायट्रोजन कॉलममधूनच येत होता. एमएस व्हेंट करून, ट्रान्सफर लाइनला बूच मारून, पुन्हा रात्रभर पंप करत बसण्याची गरजच उरली नाही.

दुसरी तपासणी मला स्वतःला जास्त आवडली. गॅस सेव्हर बंद करून स्प्लिट फ्लो, म्हणजे कॉलमकडे न जाता बाहेर सोडला जाणारा हेलियम, मिनिटाला २० मिलीवरून २०० केला आणि पंधरा मिनिटं थांबलो. हेलियम गेला म्हणून मॅडमचा चेहरा पडला, पण २८ तेवीसवरून पाचावर आला. सिलेंडरमध्येच नायट्रोजन असता तर दर मिलीमागे त्याचं प्रमाण तेच राहिलं असतं, फ्लो कितीही वाढवा. तो पातळ झाला, याचा अर्थ नायट्रोजन ठरावीक गतीनं वाटेत कुठेतरी मिसळत होता. हेलियम जास्त वाहिला की त्याचा वाटा घटला. मसुदा खोडला.

दोन्ही तुकडे जोडले की जागा आपोआप आखली जाते. वाटेत शिरतोय, आणि ट्रॅपच्या आधी शिरतोय. म्हणजे सिलेंडर ते ट्रॅप. त्या पट्ट्यात मोजून सहा जोड. अर्ध्या तासाचं काम.

तीन दिवस लागले, आणि हाती काही आलं नाही.

आधीची आमची चूक वेळेची होती. ट्रान्सफर लाइनला आर्गॉन लावला की उत्तर सेकंदात येतं. इनलेटला लावला तर कॉलममधून यायला दीडेक मिनिट. पण सिलेंडरच्या जोडाला लावलेला आर्गॉन सहा मीटर नळी आणि तो भलामोठा ट्रॅप ओलांडून येतो, तेही पाच-सहा पट दाबलेल्या अवस्थेत. मिनिटाला २४ मिली वाहत असताना त्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. आम्ही दोन मिनिटं वाट बघून "इथे नाही" म्हणत पुढच्या नटावर जात होतो. हे लक्षात आल्यावर स्प्लिट फ्लो वाढवून, प्रत्येक जोडाला दहा मिनिटं देऊन पुन्हा सगळं केलं. मी आत पडद्यासमोर, टेक्निशियन बाहेर शेडमध्ये ओला दुपट्टा डोक्याला बांधून, फोन कानाला. "सिलेंडरचा नट झाला सर. रेग्युलेटरचा आउटलेट झाला. नळीचं अल्याडचं टोक झालं. पल्याडचं झालं." ४० ढिम्म.

आणि त्याच काळात २८ चे आकडे बेभरवशाचे. सकाळी आल्यावर अकरा, संध्याकाळी निघताना चोवीस. एसीचा झोत एमएसवर येतो म्हणून फडकी लावली. दुपारी व्होल्टेज पडतं म्हणून यूपीएस तपासला. व्होल्टेज पडतं हे खरंच होतं, पण २८ चा त्याच्याशी काही संबंध निघाला नाही.

आमच्याकडे एम.एस्सी.ची एक मुलगी प्रोजेक्टला येत होती. ती म्हणाली, सर, रात्रभर दर तासाला रिकामा रन लावून ठेवू का? इंजेक्शन नाही, ओव्हन एका तापमानावर, नुसतं १४, २८, ३२, ४० मोजायचं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला काही सुचलं नाही. चोवीस तासांनी तिनं आलेख काढून टेबलावर ठेवला. २८ सकाळी सातच्या सुमारास सगळ्यात खाली, दुपारभर चढत जाऊन पाचच्या आसपास माथ्यावर, मग रात्रभर सावकाश उतार. ३२ तळाशी सपाट. ४० मात्र २८ चा हात धरून वर-खाली.

लॅबच्या आत दिवसरात्र २२ अंश असतात. सूर्याची वेळ कळणारी गोष्ट आमच्या गॅस लाइनवर एकच होती, बाहेरचं शेड.

दुपारी तीनला मी स्वतः गेलो. पत्र्याचं शेड, पश्चिमेकडून उघडं. शहराचा पारा ४५ वर होता, आत त्याहून जास्तच असणार. सिलेंडर, रेग्युलेटर, आणि रेग्युलेटरपासून भिंतीवरच्या तांब्याच्या लाइनपर्यंत दीड मीटर निळी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकची, नळी. दाबाच्या हवेसाठी वापरतात ती न्यूमॅटिकवाली, दोन्ही टोकांना नळी नुसती दाबून बसवायचे पुश-फिट जोड. हात लावला तर गरम आणि मऊ, जणू चुलीजवळ ठेवलेली.

फोनवर टेक्निशियन तीन दिवस "नळी" म्हणत होता आणि मी तांबं ऐकत होतो.

एप्रिलमध्ये सिलेंडर लॅबमधून बाहेर हलवले तेव्हा तांब्याची लाइन दीड मीटर कमी पडली. ज्या फिटरकडे काम होतं त्यानं त्याच्याकडची चांगल्यातली नळी लावली. बोलावून विचारलं तर त्याला चूक काय तेच कळेना. "भाऊ, कंपनीत या नळीनं आठ-आठ बार हवा चालते नं. लीक असेल तं दाखवा." आणि त्याचं खरं होतं. लीक नव्हतंच. पुश-फिट घट्ट होते, नळीला भोक नव्हतं. म्हणूनच आर्गॉन मुका राहिला.

मग हवा आत कशी? आत पाच बार हेलियम असताना बाहेरची हवा आत शिरेल हे मनाला पटत नाही, पण वायू एकूण दाब बघत नाहीत, आपापला हिस्सा बघतात. नायट्रोजनच्या दृष्टीनं बाहेर ०.७८ बार आहे आणि आत जवळपास शून्य. हेलियमचे पाच बार त्याच्या खिजगणतीत नाहीत. प्लास्टिकच्या भिंतीत तो विरघळतो, पलीकडे निघतो. मडक्यातून पाणी पाझरतं तसं, भोक नसताना. तापमान वाढलं की हे पाझरणं वाढतं; सकाळच्या तिशीतून दुपारच्या पन्नाशीत गेलं की दुप्पट-अडीचपट होणं नवल नाही, आणि आमचा आलेख तेच सांगत होता. ऑक्सिजन आणि आर्गॉन अशा नळीतून नायट्रोजनपेक्षाही सहज जातात; ४० हिशेबापेक्षा जास्त का होता, ते इथे सुटलं. ऑक्सिजनही तसाच येत असणार, ट्रॅप तो मुकाट्यानं गिळत होता. आणि आर्गॉनचा दोन सेकंदांचा फवारा? एक मिलिमीटर जाड भिंत ओलांडायला वायूला तासभरही लागू शकतो, आणि दोन सेकंदांत शिरलेला आर्गॉन असतोच किती. दहा मिनिटं काय, दिवसभर फोनवर बसलो असतो तरी ४० हलला नसता.

मॅडमना आता पटवावं लागलं नाही. ट्रॅपच्या इंडिकेटरचा रंग अर्ध्याच्या पुढे सरकला होता. पीयूमधून पाण्याची वाफही जाते. मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत, आणि जी थोडी वाफ येई ती ट्रॅप धरत होता, म्हणून १८ शांत होता. जून उजाडून पाऊस लागला असता तर ट्रॅपनं कधीतरी हात टेकले असते, आणि मग ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही थेट तापलेल्या कॉलमवर आणि फिलामेंटवर.

दुरुस्ती दहा मिनिटांची, पण तांब्यासाठी एक दिवस थांबलो. टेक्निशियन इतवारीतून फ्रिजची तांब्याची नळी आणायला निघाला होता. ती नको म्हटलं. साध्या नळीत आत तेलाचा अंश असू शकतो, आणि एक दुखणं काढून दुसरं कशाला घालायचं. जीसीसाठी धुऊन, सीलबंद टोकांची येते तीच हवी. जुन्या ईसीडीच्या सामानात तसा दोन मीटरचा तुकडा सापडला. पितळी फेरूल, पितळी युनियन, टेफ्लॉन टेप कुठेही नाही. लाइन उघडल्यावर आत शिरलेली हवा ट्रॅपच्या पदरात पडू नये म्हणून ट्रॅपच्या आधीचा जोड ढिला ठेवून पाच मिनिटं हेलियम वाहू दिला, मग जोड बंद केला. शेडला पश्चिमेकडून हिरवी जाळी लावली. गॅसला आता तिची गरज नव्हती, रेग्युलेटर बदलणाऱ्या माणसाला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी २८ चार टक्के, ३२ ०.४. दुपारी पाचला २८ चार टक्के. ट्रॅप जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलला. रजिस्टरमध्ये दोन ओळी वाढल्या: नवा फेरूल बसवल्याची तारीख आणि त्यासमोर पुन्हा आवळल्याची तारीख, आणि ट्यूनच्या नोंदीत २८ व ३२ सोबत त्यांचं गुणोत्तर. दुसरी ओळ त्या प्रोजेक्टवाल्या मुलीनं आखली, आम्हाला न विचारता.

नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तिनं पुन्हा एकदा चोवीस तासांचा रन लावला. या वेळी आलेखावर काही बघण्यासारखं नव्हतं, रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. निळी नळी टेक्निशियननं घरी नेली. कूलरमध्ये पाणी भरायला बरी पडते, म्हणतो.